रिकाम्या स्लॉटचा दसरा

"पोरीलाच पायजे न्हवं? मग साधं चालतंय की."

दुकानदार हे मला म्हणाला नव्हता. शिंदेकाकांना म्हणाला होता, आणि त्याच्या मते हळू आवाजात. आमच्या कोल्हापुरात हळू आवाज जिन्यातल्या माणसालाही नीट ऐकू जातो. मी त्या दोघांच्या पाठीमागे, मॉनिटरच्या रिकाम्या खोक्यांना टेकून, एका प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले होते. शिंदेकाका म्हणाले, अगदीच साधं नको बाबा, साहेबांची एकुलती एक हाय. साहेब म्हणजे माझे बाबा. ते तेव्हा दुकानातली कॅबिनेटं एकेक करून बोटांच्या पेरांनी वाजवून बघत होते, कुंभाराकडे मडकं वाजवून घेतात तसं. ज्याचा आवाज सगळ्यात भरीव आला त्यावर त्यांनी हात ठेवला आणि म्हणाले, ह्याचा पत्रा जाड आहे.

त्या पत्र्याच्या आत काय असणार, हे मला विचारायचं होतं. मी विचारलं नाही.

ते दुकान शाहूपुरीत होतं, माडीवर. खाली पंपाच्या जळालेल्या मोटारी रिवाइंडिंग करून, म्हणजे नवी तार भरून, द्यायचे. जिना चढताना तांब्याच्या तारेला लावलेल्या वार्निशचा वास यायचा आणि वर पोचलं की नव्या थर्माकोलचा. मधल्या दोन-तीन पायऱ्यांवर दोन्ही वास एकमेकांत मिसळायचे. अजूनही ऑक्टोबरचं ऊन पाठीला लागायला लागलं, पहाटे अनवाणी देवीला निघालेल्या बायकांचं बोलणं खिडकीतून ऐकू यायला लागलं, लक्ष्मीपुरीत झेंडूचे ढीग पडले, की मला त्या पायऱ्या आठवतात. नवरात्र म्हटलं की लोक आनंदाने काय काय सांगतात. मी ऐकून घेते. आणि दसरा कधी एकदा जातो याची वाट बघते.

तेव्हा आमच्यासारख्या घरांत कॉम्प्युटर तयार विकत घेत नसत, जोडून घेत. शिंप्याकडे कापड टाकावं तसं. बजेट सांगायचं, मग दुकानदार त्यात बसेल ते सगळं बसवायचा: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क. गिऱ्हाईकाला दिसायचं ते फक्त वरचं, म्हणजे मॉनिटरची काच, कीबोर्ड, कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचे निळे दिवे. आमचं बजेट पंचवीस हजारांच्या आतलं होतं. त्यातून बाबांनी आधी प्रिंटर काढून ठेवला, कारण कॉलेजात प्रोजेक्ट असतात. मग सरकत्या फळीचं टेबल, कारण अभ्यासाला बैठक हवी. मग यूपीएस, कारण लोडशेडिंग. उरलेल्यात आतलं. माझा सगळा जीव त्या उरलेल्यात अडकला होता आणि हे मला सोडून कुणाला माहीत नव्हतं.

कारण त्याच वर्षीच्या मे महिन्यात मी पुण्याला मावशीकडे गेले होते. मावसभाऊ मिलिंद याने स्वतः जोडलेलं एक मशीन तिथे होतं, एका बाजूचं झाकण कायमचं काढून ठेवलेलं, समोर टेबलफॅन. त्यावर तो गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ खेळायचा. त्यांच्या इमारतीतल्या चार-पाच मुलांनी खिडक्यांतून केबल टाकून आपापली मशीनं जोडून घेतली होती. एक दिवस मिलिंद क्लासला गेला आणि खालून कुणीतरी ओरडलं, मिल्या, बस लवकर. मी बसले.

रस्ता डोंगरातला होता. पाऊस पडत होता, आणि तो खरोखर पडत होता, म्हणजे काचेवर थेंब येऊन ओघळत होते, ओल्या डांबरावर पुढच्या गाडीचे लाल दिवे लांबून हलत येत होते. वळणावर आधी मन वळायचं, मग गाडी. मी पहिली आले. परत पहिली आले. खालच्या मजल्यावरून आवाज आला, मिल्या आज सुटलाय. मी गप्प बसून हसले. इतकं हसले की गाल दुखले, आणि आवाज मात्र काढला नाही. मिलिंद परत आला तेव्हा त्याने कुणाला काही सांगितलं नाही. उरलेली सुट्टी त्या इमारतीतली मुलं त्याला वचकून होती आणि खेळत होते मी.

निघायच्या आधी त्याने मला मशीनच्या उघड्या बाजूने आत दाखवलं. एक तपकिरी रंगाची, बोटभर लांबीची खाच होती आणि त्यात एक कार्ड उभं खोचलेलं होतं. तो पाऊस, ते ओलं डांबर, सगळं त्या ग्राफिक्स कार्डातून येतं, तो म्हणाला. त्या खाचेला एजीपी स्लॉट म्हणतात. स्वस्तातल्या बोर्डांवर तो नसतोच, चित्र दाखवण्यापुरती सोय बोर्डातच असते. "कार्ड नंतर कधीही घेता येतं सुजा," तो म्हणाला, "स्लॉट नंतर घेता येत नाही."

म्हणजे मला कार्ड नको होतं. ते मागायची माझी हिंमतच नव्हती. मला फक्त एक रिकामी जागा हवी होती, जिच्यात पुढे कधीतरी, माझ्या स्वतःच्या पैशांनी, काही बसवता येईल. इतकं थोडं मागणं होतं की ते मागताना लाज वाटावी.

हे सगळं कशासाठी, असं वाचणाऱ्याला वाटेल. त्याबद्दल मी इथे फार लिहिणार नाही. एवढंच सांगते की त्या जूनमध्ये मी कॉलेजात गेले आणि माझं बोलणं बंद झालं. कुणी बंद केलं नाही, आपोआप झालं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, बाबांनी मला हट्टाने तिथे घातलेलं. कॉलेजात मी मराठीत बोलले तर मुली म्हणायच्या, काय पुस्तकी बोलतीस गं. इंग्रजीत बोलले तर म्हणायच्या, मॅडम आल्या. आमच्या कॉलनीत मी लहानपणापासून कॉन्व्हेंटवाली. मुरगूडला गावी गेलं की चुलत्यांची मुलं माझ्याशी जपून बोलायची, जणू मी पाहुणी आहे आणि लवकरच जाणार आहे. हळूहळू मी फक्त माना हलवू लागले. एखादा दिवस असा जायचा की रात्री आईने जेवताना काही विचारलं आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं की घसा धरलेला असायचा. तो न वापरल्यामुळे. अशा वेळी मला तो ओला डोंगररस्ता आठवायचा. तिथे कुणी माझी भाषा विचारली नव्हती. तिथे मी वेगाने ओळखली जात होते. भले मिलिंदच्या नावाने असेल.

मला ते परत हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, ते मिळालं नाही तर माझं काय होईल, हे मला समजत नव्हतं. अठराव्या वर्षी माणूस असा विचार करतो, असं आता म्हणता येईल. पण तेव्हाचं ते गुदमरणं खरं होतं आणि त्याला आज वरून शहाणपण लावायची माझी इच्छा नाही.

त्या चार-पाच महिन्यांत मी रद्दीच्या दुकानातून कॉम्प्युटरची जुनी इंग्रजी मासिकं आणून वाचली. कुठल्या बोर्डावर काय असतं, काय नसतं, कमी पैशांत कुठे काटकसर करायची आणि कुठे अजिबात करायची नाही, हे मला पाठ झालं. प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा, प्रिंटर वर्षभर थांबवावा, पण बोर्ड नीट घ्यावा. आमच्या बजेटमध्ये ते बसत होतं. मी मनातल्या मनात ते मशीन कितीदा जोडलं आणि उघडलं, त्याला गणती नाही. फक्त ते तोंडाने सांगायचं बाकी होतं.

आणि सांगायचं कुणाला? शिंदेकाका बाबांचे ऑफिसातले मित्र, मूळ गडहिंग्लजचे, दुकानदार त्यांचा साडू. "आपल्याच माणसाचं दुकान हाय साहेब, डोळं झाकून घ्या," असं ते म्हणाले आणि बाबांनी खरोखरच डोळे झाकले. घरचा भाव मिळत असताना दुसरीकडे चौकशी करणं म्हणजे अविश्वास दाखवणं. दुकानदाराने काय बसवलंय हे विचारणं म्हणजे शिंदेकाकांकडे बोट दाखवणं. आमच्याकडे स्वस्तात वस्तू घ्यायची ती अशी, ओळखीने, आणि ओळखीने घेतलेल्या वस्तूला प्रश्न नसतात. शिवाय बाबांच्या वाट्याला "आपला माणूस" हे शब्द इतर लोकांइतके सहज आलेले नव्हते. शिंदेकाका दिवाळीला आमच्याकडे येऊन पहिल्या पंगतीला बसून जेवायचे आणि त्यांच्या घरच्या लग्नात बाबा अक्षता वाटायला उभे असायचे. हे नातं बाबा काचेच्या भांड्यासारखं दोन हातांनी धरत. त्यात मी माझा स्लॉट कुठून आणणार होते?

एक सोपा रस्ता होता. कॉलेजात लागतं, असं सांगायचं. बाबांनी एका शब्दाने विचारलं नसतं. शिक्षणाला लागतं म्हटल्यावर त्यांनी प्रिंटर काय, टेबलसुद्धा परत केलं असतं. ते कॉम्प्युटरला कॉम्प्युटर म्हणतच नसत. साधन म्हणायचे. "पोरीला साधन पाहिजे." त्यांनी स्वतः मुरगूडला शेजारच्या दुकानाच्या उजेडात वाचलेलं, वह्या दोन्ही बाजूंनी लिहिलेल्या. आमच्या घरात "अभ्यास" हा शब्द उच्चारला की पंखासुद्धा हळू फिरतो असं वाटायचं. त्या शब्दाच्या आड लपून मी खेळ मागू शकत नव्हते. चोरी करता आली असती कदाचित, हे नाही.

ललितापंचमीच्या सुमारास आम्ही दुसऱ्यांदा दुकानात गेलो, रंग ठरवायला. बाबा आणि काका मॉनिटर पांढरा की काळा यावर बोलत होते. काळ्यावर धूळ दिसते, पांढरा पिवळा पडतो. मी ठरवून गेले होते की आज विचारायचं. तेवढ्यात लाइट गेली. माडीवर खिडकी नव्हती, त्यामुळे भर दुपारी काळोख झाला आणि सगळीकडून यूपीएसच्या शिट्ट्या सुरू झाल्या. चेहरे दिसत नव्हते. मला वाटलं, हीच वेळ आहे, काळोखात बोलता येईल. मी तोंड उघडलं. "बोर्ड," एवढा एक शब्द निघाला. दुकानदाराला वाटलं मी लाइटच्या बोर्डाबद्दल बोलते. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, तासाभरात येत्या की लाइट, बसा निवांत. शिंदेकाका हसले. मीही हसले असणार. घरी येताना बाबांच्या स्कूटरवर मागे बसून मी रंकाळ्याकडून येणारा वारा तोंडात भरून घेतला, म्हणजे रडू फुटलं तरी आवाज आत राहील.

घरी तयारी चालू होती. आईने दुकानातून मापं मागवून मॉनिटरचं, कीबोर्डचं आणि सीपीयूचं कव्हर आधीच शिवलं, मोतिया रंगाच्या कापडाचं, कडेला झालर. वस्तू यायच्या आधी तिचे कपडे तयार. खोलीचा तो कोपरा पुसून ठेवला होता आणि त्या खोलीत चपला घालून जायचं नाही हे ठरलं होतं. आई त्या रिकाम्या टेबलावर कव्हर अंथरून लांब उभी राहून बघायची. तिला विचारावं असं एकदा मनात आलं. पण ती इतकी खूश होती की मी झालरीची शिवण सरळ आहे म्हणाले आणि उठले. आनंदाच्या मधोमध बसून कुढण्यासारखं एकटेपण नाही. दुःखात निदान कुणी विचारतं तरी, काय झालं म्हणून.

परवा आमच्या ऑफिसात एका सरांनी मला विचारलं, मुलीला दसऱ्याला कॉम्प्युटर घ्यायचाय, साधासाच सांग एखादा. मी आता एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, त्यामुळे लोक असं विचारतात. मी म्हटलं, तिला कशासाठी हवाय? सर म्हणाले, अभ्यासाला, आणखी कशाला? मी म्हटलं, तिला विचारलंत का? मी सहसा दोन प्रश्न एकापाठोपाठ विचारत नाही. त्या दिवशी घरी येताना लक्ष्मीपुरीत झेंडूचे ढीग पडलेले होते, आणि मला कळलं की मी हे लिहायला बसणार.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी आम्ही पांढरे कपडे घालून विहारात गेलो. आमच्या घरी तो दिवस धम्मचक्र प्रवर्तनाचा. वंदना झाली, खीर झाली, आणि बाबा तसेच, पांढऱ्या शर्टात, मला घेऊन दुकानात आले. शिंदेकाका जिन्याखाली थांबलेलेच होते, कपाळाला गंध आणि टोपीत आपट्याचं पान. वर दुकानात माणूस मावत नव्हता. सगळ्यांना मुहूर्तावरच मशीन न्यायचं होतं. जोडून झालेल्या कॅबिनेटांना गाड्यांना घालतात तसे झेंडूचे हार घातलेले, मॉनिटरच्या काचांवर कुंकवाची स्वस्तिकं, एका कीबोर्डवर लिंबू. थर्माकोलच्या वासावर उदबत्तीचा वास चढला होता.

आमचं मशीन काउंटरवर आलं. दुकानदाराने त्यावर हार टाकायला हात वर केला आणि बाबा शांतपणे म्हणाले, राहू दे, आमच्यात ते नाही. हात तसाच हवेत राहिला. शिंदेकाकांनी छताकडे पाहिलं. दुकानदार जरा ओशाळला, मग हारातलं एक फूल तोडून म्हणाला, "फूल तर चालतंय न्हवं, साहेब?" बाबा हसले. फूल चालतं, म्हणाले. त्याने ते कॅबिनेटच्या डोक्यावर ठेवलं. मला ते तिघेही त्या क्षणी फार आवडले, आणि त्यामुळे माझं काम आणखी अवघड झालं.

कॅबिनेटची एक बाजू अजून उघडी होती. स्क्रू लावून त्यावर गॅरंटीचं स्टिकर चिकटवायचं बाकी होतं. ते एकदा चिकटलं की आतली वस्तू बदलत नाहीत, अशी पाटीच होती भिंतीवर. मी वाकून आत पाहिलं. हिरवा बोर्ड, पांढऱ्या खाचा, रॅमची पट्टी. आणि जिथे तपकिरी खाच असायला हवी तिथे काही नव्हतं. अगदीच काही नव्हतं असंही नाही. बारीक बारीक छिद्रांच्या रांगा होत्या, कथिलाने बुजवलेल्या. जागा आखलेली होती. कारखान्यात कुणीतरी ठरवलं होतं की ह्या बोर्डावर ते बसवायचं नाही.

बाजूलाच, इचलकरंजीच्या कुणासाठी जोडलेलं दुसरं मशीन उघडं पडलं होतं. त्यात ती खाच होती, तपकिरी, रिकामी. मागच्या फळीवर तशाच बोर्डाची आणखी दोन खोकी मला दिसत होती. किमतीतला फरक म्हणावा तर प्रिंटरच्या शाईच्या डबीइतका.

"झालं बघा," दुकानदार म्हणाला आणि त्याने स्क्रू-ड्रायव्हर उचलला. बाबांनी मला पुढे घेतलं. आमच्या घरात इंग्रजी लिहिलेली प्रत्येक वस्तू आधी माझ्या हातात द्यायची रीत होती, औषधाची बाटली असो की सरकारी कागद. ते अभिमानाने म्हणाले, बघ गं सुजू, सगळं बरोबर आहे न्हवं? मी मान हलवली. होकारार्थी. सवयीने. मग माझं बोट आपोआप पुढे गेलं आणि त्या छिद्रांच्या रांगांवर टेकलं. कथिल अजून खरखरीत होतं.

"ते व्हय?" दुकानदार म्हणाला. "मोकळीच असत्या ती जागा ह्या बोर्डात. गेम खेळणाऱ्या पोरांना लागतंय ते कार्ड घालायला. तुम्हाला काय करायचंय?" शिंदेकाका म्हणाले, आमची पोरगी त्यातली न्हाय. त्यांच्या आवाजात माझ्याबद्दलचं कौतुक होतं. मागे उभ्या असलेल्या माणसाने घाई केली, आवरा की पावणं, मुहूर्त टळायला लागलाय.

पहिला स्क्रू छिद्रात बसला होता. बाबांनी माझ्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. त्यांना काहीतरी दिसलं असावं, कारण ते खाली वाकले आणि फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, नाही ना गं गरज? अभ्यासाला पुरेल ना एवढं?

हो म्हटलं असतं तर ते खरंच होतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. सगळे खूश झाले असते, शिंदेकाकांचा शब्द राहिला असता, आईची झालर टेबलावर चढली असती आणि मी त्या मशीनसमोर बसून आयुष्यभर चांगली मुलगी राहिले असते. स्क्रू फिरायला लागला. माझा आवाज निघाला तो फाटका आणि मला वाटला त्यापेक्षा कितीतरी मोठा, आणि दुकानातली बोलणी थांबली.

"अभ्यासाला पुरेल, बाबा. पण मला खेळायचंय."